घरचा हिशोब : तापलेले इंजिन सुरू होत नाही तेव्हा

वैशाख लागला की खानदेशात ऊन आणि प्रवास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढतात. जळगाव, भुसावळ आणि धुळे येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्याच दिवसांत लग्नसराई असते, आखाजीला लेकी माहेरी येतात, अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी असतात आणि सुट्टी लागलेल्या मुलांना घेऊन कुटुंबे मांगीतुंगीला किंवा बळसाण्याला दर्शनास निघतात. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचून भोजन आटोपावयाचे असल्याने अनेक घरांचा प्रवास नेमका भर दुपारी घडतो. अशा वेळी एरंडोल किंवा पारोळ्याजवळ पंधरा-वीस मिनिटे थांबलेली मोटार पुन्हा सुरूच होऊ नये, वृद्ध मंडळी आणि लहान मुले उन्हात खोळंबावीत, आणि अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात सुरू व्हावी, हा प्रसंग पुष्कळांच्या परिचयाचा आहे.

खरी अडचण यापुढे सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजमध्ये जाते तेव्हा इंजिन थंड असते आणि दोष कोठेही दिसत नाही. मग अंदाजाने भाग बदलण्यास आरंभ होतो. प्रथम बॅटरी, नंतर स्पार्क प्लग, नंतर इंधन पंप. बिले चुकती होतात आणि पुढच्या कडक दुपारी गाडी पुन्हा तशीच उभी राहते. रोजमेळात फरक आला तर अनुभवी मुनीम सगळी वही नव्याने लिहीत बसत नाही. फरक कोणत्या तारखेपासून आला, किती रकमेचा आहे, हे पाहून तो शोधाचे क्षेत्र लहान करीत जातो. गाडीच्या बाबतीतही हीच रीत लागू पडते. येथे एक गोष्ट मात्र अधिक आहे. जो दोष केवळ उष्णतेत प्रकट होतो, त्याचा साक्षीदार त्या वेळी गाडीजवळ असलेला माणूसच असतो. त्याने नीट पाहून टिपून ठेवलेले चार तपशील थंड गाडीच्या दीर्घ तपासणीपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

इंजिन बंद केल्यावर काय होते

सर्वसाधारण समजूत अशी की इंजिन बंद केले की ते लगेच निवू लागते. प्रत्यक्षात प्रारंभी उलट घडते. गाडी चालत असताना कूलंट फिरत असतो आणि बॉनेटखालून वारा वाहत असतो. चावी बंद करताच दोन्ही थांबतात. सिलिंडरच्या भिंतींत साठलेली उष्णता मग आजूबाजूच्या भागांत उतरते आणि बॉनेटखालचे तापमान पुढील पंधरा-वीस मिनिटे वाढत राहते. त्यानंतर ते हळूहळू कमी होते. म्हणूनच दोन मिनिटांच्या थांब्यानंतर गाडी सुरू होते, दोन तासांनंतरही होते, आणि अडते ती मधल्या वीस मिनिटांनी. किती वेळ थांबल्यानंतर गाडी अडली, हा त्यामुळे पहिला आणि मोलाचा पुरावा होय.

दुसरी बाब पेट्रोलच्या स्वभावाची. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तर जड घटक २०० अंशांच्या सुमारास. शिवाय दाब कमी असेल तर द्रव लवकर उकळतो आणि दाब अधिक असेल तर उशिरा. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळते आणि कुकरमध्ये उशिरा, त्यामागचा नियम हाच.

फियाटचा ओला फडका

या नियमाचा धडा जुन्या पिढीने फियाट गाडीवर गिरवला आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि १९७० च्या दशकापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या गाड्या निघाल्या. खानदेशातील कित्येक पेढ्यांच्या दारात उभी राहिलेली पहिली मोटार हीच होती.

या गाडीची टाकी मागे आणि इंधन पंप पुढे, थेट इंजिनच्या अंगाला बसविलेला असे. पंप पेट्रोल मागून ओढून घेई. ओढताना नळीतील दाब कमी होई आणि पंप तर इंजिनच्या उष्णतेने तापलेला असे. परिणामी पेट्रोल नळीतच उकळून वाफ होई. पंपाची रचना द्रव पुढे ढकलण्यासाठी असल्याने वाफ त्याच्याने ढकलली जात नसे आणि कार्बोरेटर कोरडा पडे. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. चालक मंडळी पंपावर ओला फडका ठेवीत, वाफ निवून पुन्हा द्रव होई आणि गाडी मार्गाला लागे. हा उपाय शास्त्राला धरूनच होता.

मात्र आजच्या गाडीवर तो फडका लागू पडत नाही. इंधन इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो इंधन ओढून न आणता पुढे ढकलतो आणि नळीतील दाब सामान्यतः ३ ते ४ बार राखतो. दाबाखालील पेट्रोल सहजी उकळत नाही. त्यामुळे तापल्यावर अडणाऱ्या नव्या गाडीला सरसकट व्हेपर लॉक म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. अनेकान्ताचा विचार ज्या समाजाच्या संस्कारांत आहे, त्याला एका लक्षणामागे अनेक कारणे संभवतात हे वेगळे सांगावयास नको. ती कारणे वेगळी कशी करावीत, एवढाच प्रश्न उरतो.

पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो का?

चावी फिरविल्यावर इंजिन फिरण्याचा आवाज येतो की नाही, हे प्रथम ऐकावे. केवळ ‘टक्’ असा आवाज येऊन सर्व शांत होत असेल, किंवा सेल्फ जड, रेंगाळत फिरत असेल, तर पेट्रोलकडे पाहण्याचे कारण नाही. दोष बॅटरी, तिचे टर्मिनल, इंजिनला जोडलेली अर्थिंगची पट्टी किंवा खुद्द सेल्फ मोटार यांत आहे. तांब्याचा विद्युत विरोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सेल्फ मोटार ६० अंशांनी अधिक तापली की तिच्या वेटोळ्यांचा विरोध जवळजवळ पाव हिस्स्याने वाढतो. सकाळी कसाबसा काम करणारा अशक्त सेल्फ दुपारी हात टेकतो तो यामुळे.

येथे साध्या मीटरने बराच उलगडा होतो. चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरू लागला तर बॅटरीविषयी शंका घ्यावी. आकडा टिकून आहे आणि तरीही सेल्फ फिरत नाही, असे असल्यास जोडण्या आणि सेल्फ तपासावेत. टर्मिनलवरील पांढरट-हिरवी बुरशी साफ करणे हे सर्वांत स्वस्त काम असून तेच पुष्कळदा राहून जाते.

दुसरा प्रश्न : सेल्फ जोमाने फिरतो, मग उणीव कशाची?

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो आहे आणि तरीही इंजिन पेटत नाही, असे असेल तर चार गोष्टी पाहाव्यात.

एक, चावी सेल्फपर्यंत न नेता केवळ डॅशबोर्डचे दिवे लागेपर्यंत फिरवावी, दोन-तीन सेकंद थांबावे, बंद करावी आणि असे तीन वेळा करावे. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबून दिवे लावावेत. बहुतेक गाड्यांत प्रत्येक वेळी मागील सीटखालून इंधन पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण ऐकू येते. यानंतर गाडी लगेच सुरू झाली तर समजावे की बंद अवस्थेत नळीतील दाब टिकत नाही. पंपाचा झडपेसारखा ‘चेक व्हॉल्व्ह’ दाब धरून ठेवत नसेल किंवा एखादा इंजेक्टर झिरपत असेल. दाब गेला की गरम नळीत फियाटसारखीच वाफ होते. गुणगुण मुळीच ऐकू आली नाही, तर पंप, त्याचा रिले आणि फ्यूज यांकडे वळावे.

दोन, पेट्रोलचा उग्र वास येतो का? येत असेल तर इंधन कमी नसून अधिक झाले आहे. इंजिनचे तापमान सांगणारा सेन्सर चुकीची माहिती देऊ लागला, तर गाडीचा संगणक गरम इंजिनला थंड समजून जादा पेट्रोल सोडतो. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत या स्थितीत इंधन बंद राहते आणि साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. इंजिन पेटताच पाय काढून घ्यावा.

तीन, सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा किंचित तरी हलतो का? अनेक गाड्यांत तो २००-३०० पर्यंत हलतो. तो शून्यावरच खिळून राहिला, तर क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचा संशय बळावतो. इंजिन कोणत्या क्षणी कोठे आहे हे संगणकाला हाच छोटा सेन्सर सांगतो. त्याची माहिती आली नाही तर ठिणगीही पडत नाही आणि पेट्रोलही सुटत नाही. त्याच्या आतील बारीक तार तापल्यावर जोडणी सोडते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. दोष लपूनछपून येण्याचे हे एक ठळक कारण आहे.

चार, ही अडचण टाकी पूर्ण भरल्यानंतरच येते का? तसे असेल तर टाकीतील वाफ साठविणारा कोळशाचा डबा आणि त्याचा पर्ज व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. पेट्रोल पंपावरील नोझल ‘टक्’ करून थांबल्यानंतरही दहाच्या पटीत रक्कम यावी म्हणून थोडे थोडे पेट्रोल भरण्याची सवय या डब्याला घातक ठरते.

तीन नोंदी, तीन निदाने

समजा, एका पेढीच्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींची तक्रार एकच : ‘गरम झाल्यावर सुरू होत नाही.’ पहिलीची नोंद अशी की एरंडोलला वीस मिनिटे थांबा, सेल्फ जोमाने फिरला, वास नाही, चावी तीन वेळा चालू-बंद केल्यावर सुरू झाली. दुसरीची नोंद अशी की कन्नडचा घाट चढताना इंजिन चालत्या गाडीत बंद पडले, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलला नाही, चाळीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली. तिसरीची नोंद अशी की धुळ्यात बाजारासमोर सेल्फने नुसते ‘टक्’ केले, दिवे मंदावले. पहिलीत इंधनाचा दाब मोजावा, दुसरीत क्रँक सेन्सर तपासावा आणि तिसरीत बॅटरी-सेल्फ पाहावेत. नोंद नसती तर तिन्ही गाड्यांना कदाचित एकच नवी बॅटरी सुचविली गेली असती.

यांतील दुसरी नोंद सर्वांत गंभीर मानावी. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांपुरतेच उरते. घाटात किंवा ट्रकच्या रांगेत हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. ‘निवल्यावर सुरू होते ना, मग लग्न आटोपल्यावर पाहू’ असा विचार येथे करू नये. तपासणी होईपर्यंत ती गाडी कुटुंबासह महामार्गावर नेऊ नये.

सीएनजी आणि डिझेल

सीएनजीच्या पुष्कळ गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून टाकीत नावापुरते दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवण्याकडे मालकांचा कल असतो. परंतु टाकीतील पंपाला थंड ठेवण्याचे काम ते पेट्रोलच करते. ते कमी आणि महिनोन्महिने शिळे राहिले, तर पंप तापून निकामी होतो आणि बचतीपेक्षा खर्च मोठा होतो. निदान पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि ते अधूनमधून वापरात आणावे. हा नियम केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीलाही उन्हाळ्यात हितकर आहे.

आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील यांना ते मानवत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीच्या नळ्यांना भेगा किंवा ओल दिसत असल्यास त्या तत्काळ बदलाव्यात. गरम इंजिनवर झिरपणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण होय.

माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपची गोष्ट निराळी. डिझेल तापले की पातळ होते. इंजेक्टर किंवा पंप झिजलेला असेल तर ते पातळ डिझेल फटींतून परत टाकीकडे निसटते आणि कॉमन रेलमध्ये इंजिन पेटण्याइतका दाब तयार होत नाही. थंड असताना घट्ट डिझेल तीच फट भरून काढते, म्हणून सकाळी तक्रार नसते. चांगला डिझेल मिस्त्री प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला लहान बाटली लावून कोणाची गळती अधिक आहे ते पाहतो. सगळे इंजेक्टर एकदम बदलण्याचा सल्ला मिळाल्यास आधी ही चाचणी करवून घ्यावी.

तापलेली आणि उकळलेली गाडी

येथवरचे विवेचन तापमानाचा काटा योग्य जागी असलेल्या गाडीविषयी आहे. काटा लाल रेषेवर असेल, तापमानाचा लाल दिवा लागला असेल किंवा बॉनेटमधून वाफ येत असेल, तर गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नच करू नये. रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली असतो आणि झाकण सैल होताच उसळून चेहरा व हात भाजतो. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवेपर्यंत थांबावे आणि गाडी टो करून न्यावी.

गाडी कोणत्याही कारणाने अडली तरी सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावा. आजच्या पेट्रोल गाड्या ढकलून सुरू करण्याचा मोहही टाळावा, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी करते. बंद गाडीत वृद्ध, मुले किंवा उपवासी तपस्वी यांना बसवून ठेवू नये. त्यांना रस्त्यापासून दूर सावलीत न्यावे, मागे लाल त्रिकोण ठेवावा आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या मदत क्रमांकावर कळवावे.

गॅरेजमध्ये काय सांगावे

‘गाडी पाहून घ्या’ एवढ्यावर गाडी सोडून येऊ नये. गाडी शक्यतो दुपारी, तापलेली असतानाच न्यावी. बॅटरीची वायर काढण्यापूर्वी स्कॅनर लावून साठलेले कोड लिहून घेण्यास सांगावे. पुष्कळ गाड्यांत बॅटरी सोडविताच ते पुसले जाऊ शकतात आणि पुरावा नाहीसा होतो. कोडबरोबर दोष घडला त्या क्षणीचे इंजिनचे तापमानही बहुधा साठविलेले असते. स्कॅनरमध्ये काहीच आढळले नाही, तर इंजिन पूर्ण गरम करून, बॉनेट लावून, वीस मिनिटे बंद ठेवून, मग इंधनाचा दाब मोजण्याची विनंती करावी. संशयित सेन्सर गरम हवेच्या गनने तापवून पाहता येतो. एका वेळी एकच भाग बदलावा, जुना भाग परत मागावा आणि त्यानंतर दोन दुपारी गाडी वापरून निष्कर्ष काढावा. एकाच दिवशी तीन भाग बदलले तर दोष कोणत्या भागात होता हे कधीच कळत नाही, आणि तिघांचेही पैसे द्यावे लागतात.

यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लहान वही असावी. तारीख, वेळ, किती किलोमीटर चालल्यावर, किती वेळ थांबल्यावर, टाकीत किती इंधन होते, सेल्फ कसा फिरला, वास आला का, काटा हलला का आणि किती वेळाने गाडी सुरू झाली, एवढे नऊ तपशील तीत लिहावेत. गाडी मुलगा नेवो, सून नेवो किंवा चालक नेवो, ज्याच्या हाती गाडी अडली त्यानेच त्याच ठिकाणी नोंद करावी. तीन-चार नोंदी झाल्या की एक रीत स्पष्ट दिसू लागते. आखाजीपूर्वी एखाद्या दुपारी गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवून, वीस मिनिटे उभी करून पुन्हा सुरू करून पाहिली, तर ही परीक्षा घराजवळच होते आणि दोष असल्यास तो भर रस्त्यात कुटुंब सोबत असताना उघड होत नाही.